न झालेल्या आजारांचा हिशेब

प्रतिबंधक वैद्यक या शाखेची एक जन्मजात अडचण आहे. तिचे यश डोळ्यांना दिसत नाही. शस्त्रक्रियेने वाचलेला माणूस पेढे घेऊन डॉक्टरांना भेटायला येतो. ज्याला कावीळ झालीच नाही, तो कुणाला पेढे देणार? आपण कशातून तरी वाचलो, याचा त्याला पत्ताही नसतो. रुग्णालयांच्या कपाटांत झालेल्या आजारांच्या नोंदी असतात. न झालेल्या आजारांची वही कुणीच ठेवत नाही. त्यामुळे पैसा, मान आणि बातम्यांतली जागा या तिन्ही बाबतींत ही शाखा मागे राहते.

या लेखात मी अशाच एका न दिसणाऱ्या औषधाचा माग काढणार आहे. हे औषध आपण रोज घेतो, त्याची चिठ्ठी कुणी लिहून देत नाही आणि ते बंद पडल्याशिवाय त्याची आठवण होत नाही. ते म्हणजे नळाचे पाणी. माग काढायचा आहे बारवी धरणापासून, कारण त्या पाण्यावर जगणाऱ्या पट्ट्यात मी राहतो.

कारखान्यांचे धरण, माणसांचे पाणी

बारवी ही उल्हास नदीची उपनदी. बदलापूरजवळ तिच्यावर धरण बांधले ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे बोलीभाषेतल्या एमआयडीसीने. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळापुढे तेव्हा अंबरनाथ, डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने होते. यंत्रांना पाणी हवे, म्हणून धरण. पण कारखान्यांपाठोपाठ माणसे आली, चाळी आल्या, मग इमारती आल्या. आज या पाण्यावर अंबरनाथ-डोंबिवलीचे उद्योग चालतातच. शिवाय उल्हासनगर, कळवा-मुंब्रा-दिवा, मीरा-भाईंदर, नवी मुंबई अशा शहरांचा मोठा भागही त्यावर तहान भागवतो. उल्हासनगरची गोष्ट तर वेगळीच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला गावाचे नाव मिळाले. बराकींतून वाढलेल्या या शहराला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. ते एमआयडीसीच्या पाण्यावर उभे आहे.

मागणी वाढली तशी धरणाची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढवली. शेवटच्या टप्प्यानंतर साठवण क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत पोहोचली. त्यासाठी मुरबाड तालुक्यातल्या तोंडलीसारख्या गावांतली घरे आणि शेते पाण्याखाली गेली. पुनर्वसनाचा प्रश्न बराच काळ रेंगाळला आणि मग धरणाचे पाणी घेणाऱ्या संस्थांनी प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील एकेकाला नोकरी द्यायची, असा तोडगा निघाला. आपल्या न झालेल्या आजारांच्या हिशेबात खर्चाची पहिली रक्कम या गावांच्या नावे लिहायला हवी.

नळ सोडला की पाणी थेट धरणातून येते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. बारवीतून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत उल्हासात येते. आपटीजवळच्या बंधाऱ्यावर ते उचलले जाते, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि मग मोठ्या जलवाहिन्यांतून शहरांकडे जाते. बदलापूर शहर तर बॅरेजवरून उल्हासचेच पाणी घेते. या उल्हासात एक मजेशीर पाहुणे पाणीही आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे, म्हणजे खरे तर भीमेच्या खोऱ्याकडे जाणारे पाणी, १९२२ पासून भिवपुरीच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरते आणि उल्हासला मिळते. म्हणजे धरण आणि नळ यांच्यामध्ये एक उघडी नदी आहे, आणि त्या नदीच्या काठावर कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी भराभर वाढणारी गावे आहेत. पुढचे सगळे विवेचन या एका भौगोलिक वस्तुस्थितीभोवती फिरते.

पाण्याच्या आरोग्यशास्त्राचे मूळ सूत्र साधे आहे. एकाच उपायावर विसंबू नका. एकामागे एक अडसर लावा. एक निखळला तर दुसरा थोपवेल. हे अडसर चार: पाणी कुठून उचलता, ते कसे गाळता, त्यात काय घालता आणि ते घरापर्यंत कसे नेता. यातला प्रत्येक अडसर मानवजातीने भरपूर प्रेते मोजल्यावर शिकला आहे.

पहिला अडसर: पाणी कुठून उचलता

आपल्याकडे पटकीची देवी होती. मरीआई, जरीमरी अशी तिची नावे आणि गावाच्या शिवेवर तिचे ठाणे. रोग बाहेरून येतो आणि शिवेवरच अडवायला हवा, हे त्या ठाण्यामागचे निरीक्षण काही चुकीचे नव्हते. तो पाण्यातून येतो, हे दाखवून दिले लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टराने. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा खरा मोठा पुरावा दुसराच आहे. दक्षिण लंडनमधल्या त्याच गल्ल्यांत दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. दोघीही थेम्सचेच पाणी उचलत. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले उचलण्याचे ठिकाण शहराच्या वरच्या अंगाला, जिथे लंडनचे सांडपाणी पोहोचत नव्हते अशा जागी नेले. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी खालीच राहिली. १८५४ च्या साथीत स्नोने घरोघर फिरून हिशेब मांडला. दर दहा हजार घरांमागे लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू, दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५. शेजारी तेच, हवा तीच, नदीही तीच. फरक होता तो पाणी उचलण्याच्या जागेचा.

आपल्या देशातला धडा याहून जवळचा आणि आपल्याला अधिक लागू पडणारा आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले. केंद्रातल्या अभियंत्यांच्या ते लक्षात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा उपयोगही झाला; विषमज्वर आणि हगवण यांची साथ आली नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू तरले. ही कावीळ पुढे ‘हिपॅटायटिस ई’ म्हणून ओळखली गेली. एरवी बहुतेक माणसे तिच्यातून बरी होतात, पण गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती झाली तर मृत्यूचे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत या काविळीची मोठी साथ आली, तेव्हा महाराष्ट्राने हा धडा पुन्हा गिरवला.

म्हणजे नदी घाण झाली तर केंद्रात औषध वाढवू, हे उत्तर पुरे पडत नाही. उल्हासच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न आहे. नदीत मिसळणारे नाले, उन्हाळ्यात पात्र झाकून टाकणारी जलपर्णी आणि खाली वालधुनीतून वाहणारी कारखान्यांची रसायने याबद्दल अनेक वर्षे ओरड आहे. वनशक्ती या संस्थेने हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि २०१५ साली लवादाने संबंधित यंत्रणांना दंड ठोठावला. ज्या वालधुनीच्या काठावर शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० साली, अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले, ती नदी आज नाला म्हणूनच ओळखली जाते. नदीची स्वच्छता हा पर्यावरणप्रेमींचा विषय आणि पाणीपुरवठा हा अभियंत्यांचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ही वाटणीच मुळात चूक आहे. जलपर्णी नदीत फार वाढली की तिथे सांडपाण्यातले खत मुबलक आहे, हे निदान त्या हिरव्या गालिच्यावरच लिहिलेले असते.

दुसरा अडसर: गाळणे

शुद्धीकरण केंद्रात काय चालते? आधी पाणी पायऱ्यांवरून किंवा कारंज्यासारखे उडवून हवेशी खेळवतात. मग त्यात तुरटी किंवा तिच्या जातीचे दुसरे रसायन जोरात ढवळतात. गढूळपणाचे कण इतके बारीक असतात आणि त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असल्याने एकमेकांना इतके दूर लोटतात, की ते आपणहून तळाशी बसतच नाहीत. तुरटी तो भार घालवते. मग संथ ढवळताना कणांना कण चिकटतात, कापसासारखे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. आपल्या आज्या पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवत, तेव्हा हेच करत होत्या. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या थरांतून जाते. वाळूत कण अडकत जातात, म्हणून ठरावीक वेळाने उलट्या दिशेने पाणी सोडून ती धुवावी लागते.

हे सगळे केवळ पाणी डोळ्यांना बरे दिसावे म्हणून नसते. जंतू मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि कणाच्या आडोशाला क्लोरीन पोहोचत नाही. म्हणून भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा एका एककाच्या आत असावा लागतो. दुसरा स्रोतच नसेल तर पाच एककांपर्यंत चालवून घेतले जाते.

गाळण्याची ताकद १८९२ साली जर्मनीत दिसली. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एल्बे नदीकाठची दोन शहरे एकमेकांना इतकी खेटून, की सीमा रस्त्यामधून जाई. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता देत असे. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी उचलत होते. पण ते वाळूतून सावकाश गाळून घेत होते. त्या वर्षी पटकीने हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली. आल्टोनात साथ पसरली नाही. तपासाला आलेल्या रॉबर्ट कॉखला त्या सीमेवरच्या रस्त्यावर रोगाची रेषाच आखलेली दिसली.

गाळण्याचे हे तत्त्व गरिबाच्या घरातही चालते. बांगलादेशात रीटा कोलवेल यांच्या गटाने खेड्यांतल्या बायकांना जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळायला सांगितले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटलेले असतात आणि ते प्राणी जुन्या, धुऊन धुऊन दाट झालेल्या कापडात अडकतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. ‘पाणी गाळून घ्या’ हे घरोघरचे वाक्य असे प्रयोगाला उतरले. विषाणूंना मात्र साडी अडवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

तिसरा अडसर: क्लोरीन

१९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात जॉन लील या डॉक्टराने कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात केली, तेव्हा हे प्रकरण न्यायालयापुढे आले. न्यायालयाने लील यांच्या बाजूने कौल दिला आणि काही वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. क्लोरीनचा मोठा गुण असा, की तो केंद्रातले जंतू मारतोच, शिवाय थोडा शिल्लक राहून पाण्याबरोबर पुढे प्रवास करतो. वाटेत कुठे फटीतून घाण शिरली, तर तिच्याशी दोन हात करायला हा राखीव शिपाई हजर असतो. आपल्या मानकानुसार नळाच्या टोकाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. गावोगावचे आरोग्य कर्मचारी जी ‘ओटी टेस्ट’ करतात, ती याचीच. नळीत पाणी घेऊन दोन-चार थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर शिपाई जागेवर आहे, आला नाही तर तो वाटेतच कामी आला. नळाच्या पाण्याला येणारा तो ‘औषधाचा वास’ अनेकांना नकोसा वाटतो. मला तो पावतीसारखा वाटतो.

पण या शिपायालाही मर्यादा आहेत. कच्च्या पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असेल तर तो तिच्यातच खर्ची पडतो. शिवाय कुजलेल्या वनस्पतींशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मच्या कुळातले काही पदार्थ तयार होतात. रॉटरडॅमच्या योहान्स रूक यांनी १९७४ साली हे दाखवून दिले आणि दीर्घकाळाच्या आरोग्यासाठी त्यांचे प्रमाण मर्यादेत ठेवावे लागते, हे मान्य झाले. त्यामुळे क्लोरीन कमी करायचा नाही. आज जंतूंनी मरण्यापेक्षा तो धोका कितीतरी लहान आहे. कमी करायची ती नदीतली घाण. सगळ्या वाटा फिरून पहिल्या अडसराकडेच येतात.

चौथा अडसर: जलवाहिनी आणि घर

केंद्रातून निघालेले पाणी उत्तम असले तरी आपल्या शहरांत ते चोवीस तास वाहत नाही. चावीवाला येतो, चावी फिरवतो, तासा-दोन तासांनी बंद करतो. त्याखेरीज देखभाल-दुरुस्तीसाठी पूर्ण दिवस पुरवठा बंद राहतो. वाहिनी भरलेली असते तेव्हा आतला दाब जास्त असतो. सांध्यातून गळले तर पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद होऊन ती रिकामी होऊ लागली की आत पोकळी होते आणि प्रवाह उलटतो. बाहेर साचलेले गटाराचे पाणी त्याच फटीतून आत ओढले जाते. पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ आणि वासाचे पाणी का येते, याचे उत्तर यात आहे. नळाला थेट मोटर लावणारे हीच पोकळी आपल्या हाताने तयार करतात. मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी पळवले जाते, हे सर्वांना कळते. त्याबरोबर गल्लीतल्या गटारालाही आमंत्रण दिले जाते, हे कळत नाही.

हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागल्यावर त्यांची तुलना अधूनमधून पाणी मिळणाऱ्या वॉर्डांशी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साध्या जुलाबांच्या प्रमाणात एकंदरीत फारसा फरक दिसला नाही, कारण जुलाबाला हात, अन्न, माश्या अशा इतरही वाटा असतात. पण रक्ती हगवण सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती आणि विषमज्वर झाल्याचे सांगणारी घरे ४२ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे कराडशेजारच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. ही चैन नव्हे. वाहिनीत सतत दाब राखणे हा आरोग्याचा उपाय आहे.

शेवटचा तुकडा आपल्या मालकीचा असतो. सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि पुन्हा २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास पात्राबाहेर आली, तेव्हा काठावरच्या इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्यांत पुराचे पाणी शिरले. अशा टाकीत आलेले शुद्ध पाणी मिनिटभरात अशुद्ध होते.

मज्जातंतूंपर्यंत जाणारी वाट

पाण्यातला रोग म्हणजे पोटाचा रोग, चार दिवसांचा त्रास, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. मुदतीच्या तापात माणसाला वात होतो, तो बरळतो, हे जुन्या पिढीला ठाऊक होते. विषमज्वराचे ‘टायफॉइड’ हे नावच मुळी मनावर पसरणाऱ्या धुरासाठीच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पण याचा सर्वांत मोठा दाखला पुण्याने अलीकडेच दिला.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांतून ‘गियाँ-बारे सिंड्रोम’चे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. एरवी लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. काही आठवड्यांत रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काही जण दगावले. आधी जुलाब, मग आठ-पंधरा दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढता न येणे, हातांतली शक्ती जाणे आणि काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायूही थांबणे. रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. कोंबड्यांच्या आतड्यांत तो सहज राहतो आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. त्याच्या कवचावरची साखरेची नक्षी आपल्या मज्जातंतूंवरच्या एका घटकासारखीच असते. शरीर जंतूविरुद्ध शस्त्रे घडवते आणि साम्यामुळे फसून तीच शस्त्रे स्वतःच्या तंतूंवर चालवते. मग मेंदूने आज्ञा दिली तरी ती स्नायूपर्यंत पोहोचत नाही. कबड्डीपटूच्या पिळदार मांड्याही अशा वेळी पांगळ्या होतात. महागडी इंजेक्शने आणि अतिदक्षता विभागातले आठवडे यांच्या बळावर बहुतेक जण उभे राहतात, पण त्याला महिने लागतात आणि काहींना कायमचा अशक्तपणा राहतो.

या घटनेतली बोचणारी गोष्ट अशी, की हा जंतू क्लोरीनपुढे टिकत नाही. खडकवासल्याच्या कुशीतली ही गावे महापालिकेत नव्याने आली होती. वस्ती शहराची झाली होती, पण शुद्धीकरणाची पूर्ण साखळी तिथवर पोहोचली नव्हती. धरण होते, पाणी होते, महानगरपालिका होती. मधले अडसर अपुरे होते. बदलापूर-वांगणीच्या दिशेने नव्या इमारती उभ्या राहताना पाहिल्या की मला पुण्याची ही रचना आठवते. इमारत दोन वर्षांत होते. तिच्या सांडपाण्याची वाट आणि तिच्या पाण्याची साखळी व्हायला मात्र खूप अधिक काळ लागतो. त्या मधल्या काळात नदी दोन्ही कामे करते: वरच्यांची मोरी आणि खालच्यांची विहीर.

लहान मुलांच्या बाबतीत हिशेब आणखी लांबचा आहे. पहिल्या काही वर्षांत मुलाच्या शरीराला विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून अधिक वाटा एकटा मेंदू खातो. त्याच वर्षांत जुलाबांचे फेरे येत राहिले, तर आतड्यांचे अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि मेंदूच्या बांधणीसाठी लागणारी रसद तुटते. ब्राझीलमधल्या फोर्तालेझाच्या झोपडवस्तीतल्या मुलांचा रिचर्ड गेरंट आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. पहिल्या दोन वर्षांत जुलाब अधिक झालेली मुले पुढे शाळकरी वयात बुद्धीच्या चाचण्यांत मागे दिसली. अशा अभ्यासांत गरिबी आणि जुलाब यांची गुंतागुंत पूर्ण सोडवता येत नाही, हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे. दहावीच्या निकालातला काही भाग पाळण्याच्या वयातल्या पाण्यावर ठरलेला असतो.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ॲलन हॅझन या अभियंत्याने असा अंदाज मांडला, की शुद्ध पाण्यामुळे विषमज्वराचा एक मृत्यू टळला, तर त्याबरोबर इतर कारणांचे दोन-तीन मृत्यूही टळतात. आकड्यांबद्दल नंतरच्या संशोधकांत वाद झाले. तरी शुद्ध पाण्याचा फायदा एका आजारापुरता थांबत नाही, हा त्यातला मुद्दा टिकून आहे.

धरण उशाला

आपल्याकडे म्हण आहे, ‘धरण उशाला अन् कोरड घशाला.’ बारवीच्या आसपास ती अक्षरशः खरी आहे. मुरबाड आणि अंबरनाथ तालुक्यांतल्या काही ठाकूर-कातकरी वाड्यांत उन्हाळ्यात झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरावे लागते किंवा टँकरची वाट पाहावी लागते. जलवाहिन्या शहरांकडे जातात. या वाड्यांसाठी चारही अडसरांचे काम एकटा जलसुरक्षक करतो: विहिरीत टीसीएल पावडर टाकणे, ओटी टेस्ट करणे, नमुना प्रयोगशाळेत पाठवणे. टीसीएलचे पोते उघडे राहिले, दमट झाले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. वहीत ‘पावडर टाकली’ अशी नोंद होते, विहिरीत मात्र काहीच घडत नाही. हे पोते कोरड्या, बंद जागी ठेवणे हे कोणत्याही आरोग्य शिबिराइतकेच मोलाचे काम आहे.

मग करायचे काय? घरापुरते सांगायचे तर पाणी बंद राहून सुरू झाले की पहिले पाणी सोडून द्यावे. पावसाळ्यात आणि शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. भांड्यात हात न बुडवता ओगराळ्याने घ्यावे. शुद्धीकरण यंत्रातून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते दिवसेंदिवस साठवू नये. सोसायटीने टाक्या वर्षातून दोनदा तरी धुवाव्यात, पुरानंतर तर हटकून. वार्षिक सभेत रंगकामावर तासभर चर्चा होते. टाकीच्या झाकणावर पाच मिनिटेही होत नाही.

पण घरोघरची यंत्रे हे सार्वजनिक आरोग्याचे उत्तर नाही. ज्याला यंत्र परवडते तो नळाच्या पाण्याबद्दल भांडणे सोडून देतो, आणि भांडायला मागे राहतात ते ज्यांचा आवाज पोहोचत नाही. महापालिकेकडे मागायच्या गोष्टी साध्या आहेत. नळाच्या टोकाला घेतलेल्या क्लोरीनच्या नोंदी वॉर्डवार जाहीर कराव्यात. गटारातून गेलेल्या वाहिन्या हलवाव्यात. नदीच्या वरच्या अंगाला सांडपाणी प्रक्रियेची सोय झाल्याशिवाय नव्या वस्तीला परवानगी देऊ नये. यांतली शेवटची सर्वांत अवघड आहे, कारण तिचा फायदा परवानगी देणाऱ्या गावाला होत नाही, तो खालच्या गावाला होतो. एका नदीवरची सगळी गावे एकमेकांची वैद्य असतात, इच्छा असो वा नसो.

न झालेल्या आजारांची वही कुणी ठेवत नाही, असे मी सुरुवातीला म्हटले. ती ठेवता येणार नाही हे खरे, पण तिच्या जवळपासची एक वही आहे. जांभूळच्या केंद्रातली गढूळपणाची रोजची नोंद, चावीवाल्याच्या वेळा आणि ओटी टेस्टच्या पिवळ्या रंगाची वाडीवरची वही. आपल्याकडे ती कुणी वाचत नाही. पुण्यात ती डिसेंबर २०२४ मध्ये वाचली गेली असती, तर जानेवारीत कदाचित बातमीच झाली नसती.